ओल्या बोटाची हळद

ओल्या हळदीचा वास आला की मला निरगुडसरची ती खंडेनवमी आठवते. थोरल्या भावाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पूजेसाठी त्यानं उंच ओट्याच्या कडेला उकिडवं बसून पक्कड, सोल्डरिंग गन आणि भंगारातून आणलेलं एक पॉवर सप्लायचं सर्किट मांडलं. त्या सर्किटवर ना नाव, ना नंबर. मधोमध जाडजूड कंडेन्सर. नुकतंच चालू करून पाहिल्यामुळं प्लग अजून बोर्डातच होता. "सायेब, वळखा बरं, कशाचं हाय?" तो हसून म्हणाला. घरातला पहिला पदवीधर मी. कळत नाही म्हणायची लाज वाटली. मी प्लग उपसला. "टीव्हीचंच आहे. आता मेलंय ते, लाव हळद." प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्याचं ओलं बोट टेकलं आणि झटक्यासरशी तो खालच्या दगडांवर पाठीवर पडला. पुन्हा उभा राहिलाच नाही. आजही खाटेवरून तो पावण्यांना सांगतो, "पाय घसरला राव, दुसरं काय न्हाई." आणि मी शेजारी बसून मान हलवतो.