व्याह्यांच्या भजनाला एक गुण

मी देवळीजवळच्या एका गावात शाळामास्तर आहे. जगभरची फुटकळ माहिती गोळा करायचा मला नाद. त्यातही युरोपातल्या देशांची जी मोठी गाण्यांची स्पर्धा होते, तिचं भारी वेड. गाणी मला कळत नाहीत, त्यातलं राजकारण आवडतं. स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत, म्हणून शेजारी शेजाऱ्याला देतो. वैर असेल तर हात आखडतो. एका देशाच्या टीव्हीने तर नको असलेल्या देशाची पाळी आल्यावर गाण्याऐवजी पडद्यावर फुलांचं चित्र लावून ठेवलं होतं. हे किस्से मी वर्गात रंगवून सांगायचो.

आमच्या भागात गावोगावच्या मंडळांची खंजेरी भजन स्पर्धा होते आणि दरवर्षी परीक्षकांवरून भांडणं होतात. यंदाच्या हिवाळ्यात मी युरोपाचा दाखला देऊन सुचवलं, परीक्षकच नकोत. प्रत्येक गावाने बाकीच्या गावांना गुण द्यावेत, स्वतःला नाही, आणि एकाने ते माइकवर सांगावेत. सगळ्यांना पटलं. आमच्या गावाने गुण ठरवायचं आणि सांगायचं काम माझ्यावरच टाकलं.

तिथे शेजारी देश जे करतात ते इथे सोयरिकी करतील, हे सुचवताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्या गावाने भरभरून गुण दिले ते सरपंचाच्या सासुरवाडीला. दुसऱ्याने जावयाच्या गावाला. मंडपात हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "आता मास्तर पाहा. इवायाले देते का नाई."

इवाई म्हणजे व्याही. माझी लेक रोहण्याच्या पलीकडच्या एका गावात दिली आहे. त्या गावाचं मंडळ स्पर्धेत होतं, आणि माझे व्याही स्वतः खंजेरी वाजवतात. गुण सांगण्याआधी त्यांचं भजन झालं, तेव्हाही लोक माझं तोंड बघत होते, म्हणून मी मंचाकडे पाहिलंच नाही. खांबाला गुंडाळलेल्या झेंडूच्या माळेवर नजर लावून बसलो. कान मात्र उघडे होते. तसं भजन त्या दिवशी दुसरं कुणाचं झालं नाही.

मी त्यांना एक गुण दिला. सगळ्यात कमी. टाळ्या पडल्या. "मास्तर पक्का माणूस आहे," असंही कुणी म्हणालं, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

कारण लेकीला दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आमच्या घरापासून सावंगीचा दवाखाना जवळ. स्पर्धेनंतर तिचा फोन येणं बंद झालं. आम्ही केला तर सासू उचलायची, "पाठवू, पाहू" म्हणून ठेवून द्यायची. बायको मला म्हणाली, "आपली पोरगी त्याईच्या चुलीपाशी बसते, हे इसरले का तुमी?" मला अन्न जाईना. तिला टोमणे बसत असतील, जड काम लावत असतील, नको नको ते मनात यायचं.

शेवटी मी एकटाच तिला आणायला गेलो. व्याही अंगणात खंजेरीचं कातडं उन्हात तापवत बसले होते. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं. मग खंजेरीवर एक टिचकी मारून म्हणाले, "काऊन गुरुजी, तुमच्या त्या युरोपात लेकी देत नाईत का?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणालो, "तुमचंच भजन सगळ्यात चांगलं होतं. मी घाबरलो. लोक काय म्हणतील म्हणून कमी दिले."

"ते मले मालूम आहे. साऱ्या मंडपाले मालूम आहे." त्यांनी खंजेरी बाजूला ठेवली. "भजनाचं भजनापाशी. पोरगी न्या. आमी काई तिले बांधून नाई ठेवलं. विचारा तिले."

लेक दारातच उभी होती. चेहरा भरलेला, हातात चहा. कुणी तिला छळलेलं दिसत नव्हतं. मी म्हणालो, "चल बाई, बॅग भर."

"मी नाई येत बाबा."

"काऊन?"

"त्या दिवशी कोरसात मी बी होती. पहिल्याच ओळीत बसलेली. सारखी तुमच्याकडे पाहून राह्यली होती." तिने चहा माझ्यापुढे ठेवला. "तुमी एकदा बी वर पाह्यलं नाई."

सासू म्हणाली, "जाय वो, बाप न्याले आला." लेक आत निघून गेली.

मी एकटाच बसने परत आलो. आता तिचे दिवस भरत आले आहेत. त्या गावाहून दवाखाना लांब, मधला रस्ता खराब. वर्गातही फोन शर्टाच्या खिशात असतो आणि वाजला की धडा अर्ध्यावर सोडून उचलतो. परवा तिने स्वतःहून केला. मी घाईघाईने विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी आहो," ती म्हणाली. "मंडळ बसलं आहे. बोलू नका, आयका." आणि तिने फोन त्यांच्याजवळ ठेवला.

मी हजेरीपटावर पेन तसाच धरून अख्खं भजन ऐकलं. कोरसात तिचा आवाज शोधत होतो. सापडला, मग मधेच थांबला, आणि तो परत सुरू होईपर्यंत माझा जीव जाग्यावर नव्हता.