लिव्हरचा रिपोर्ट आला का, ताई?

रक्ताच्या नळ्या आम्ही नियमाप्रमाणे नष्ट करतो. रिपोर्ट माणसं घेऊन जातात. कोणी वाचतं, कोणी न वाचता गादीखाली टाकतं. पण जाता जाता काउंटरवर जे बोलून जातात, ते नष्ट करायची सोय आमच्या लॅबमध्ये नाही. ते साचतच जातं! त्यातही शुगरवाले गपगुमान असतात, थायरॉइडवाल्या बायका आपसात बोलत बसतात. लिव्हरची टेस्ट करायला आलेला माणूस मात्र सुई टोचायच्या आधीच सांगतो, "मी काही तसा पेत नाही बरं का!"

विचारलं कोणी होतं?

मी भंडाऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढते, मशीनवर लावते. रिपोर्टवर सही आमच्या डॉक्टर मॅडमची. लिव्हरच्या टेस्टमध्ये बरंच काही असतं, पण लोकांच्या तोंडी दोनच नावं, एसजीपीटी आणि एसजीओटी. ही एन्झाइम्स. लिव्हरच्या पेशी दुखावल्या की ती रक्तात सांडतात, आणि किती सांडली तो आकडा आम्ही छापतो. मॅडम म्हणतात, "शेजारच्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज आला, तर भांडण चालू आहे एवढंच कळतं. कोणामुळं, ते आत जाऊन पाहावं लागतं."

आमच्याकडे येणाऱ्यांना मात्र आत न जाताच सगळं कळतं!

*

चिखल्याकडे खाणीच्या भागात ट्रक चालवणारे एक भाऊ होते. रिपोर्ट घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी तावातावानं परत आले.

"ताई, तुमचा रिपोर्ट एवढा चांगला, अन् तुमच्या मॅडमनं ज्या डॉक्टरकडे पाठवलं थो मले शिव्या देऊन राहिला!"

"चांगला कसा, भाऊ?"

त्यांनी कागद काउंटरवर पसरला. एसजीपीटी, एसजीओटी, सगळ्या आकड्यांपुढं ठळक अक्षरात इंग्रजी एच.

"हे पाहा. एच, म्हणजे हेल्दी! इथं हेल्दी, इथंबी हेल्दी. खाली एका जागी एल आहे. एल म्हणजे लिव्हर. एवढं शिकून आहो आमी."

मी हळूच सांगितलं, की एच म्हणजे हाय. जास्त आहे, पाहिजे त्याहून. आणि एल म्हणजे लो. भाऊंनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग खाली बसले.

"बाप्पा! या हेल्दीवर काल मी सगळ्या ड्रायव्हर लोकायले पार्टी देल्ली ना!"

पार्टीत काय होतं, हे विचारायची गरज नव्हती.

*

आता हा छोटासा किस्सा. लिव्हरबरोबर चरबीचीही टेस्ट असली की आम्ही सांगतो, सकाळी उपाशीपोटी या. एक काका अगदी वेळेवर आले. पाठीमागे काकू, तोंड फिरवून बसलेल्या.

"काका, काही खाल्लं नाही ना?"

"अन्नाचा कण नाही पोटात! रात्री जेवलो, त्याच्यावर काहीच नाही. चहा बी नाही."

मी हाताला रबर बांधायला वाकले आणि मोहफुलाच्या दारूचा असा भपकारा आला, की मलाच गरगरलं.

"काका, हे काय?"

"थे अन्न नोहे ना, बाई!"

काकूंनी तोंड न फिरवताच सांगितलं, "उपासाले चालते म्हणते थो."

*

आता शिकलेल्यांचं ऐका. जवाहरनगरच्या कॉलनीतले एक साहेब. रिटायरमेंटला आलेले, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात अर्धं इंग्रजी. रुटीन चेकअप केलं. आमच्याकडे एसजीपीटीची वरची मर्यादा पंचेचाळीस. साहेबांना आला सेहेचाळीस!

रिपोर्ट मोबाइलवर गेला आणि साहेब इंटरनेटवर बसले. दुपारपर्यंत त्यांना फॅटी लिव्हर झालं होतं, चहाच्या वेळेला हिपॅटायटिस, आणि दिवेलागणीला लिव्हर कामातून गेलं होतं. त्यांनी पुण्याच्या मुलाला फोन केला. "ताबडतोब ये. आणि सुट्टी जास्त टाक. लिव्हरचा तुकडा द्यावा लागेल."

मुलगा बिचारा मिळेल त्या विमानानं नागपूरला उतरला, तिथून टॅक्सीनं भंडारा. सगळं कुटुंब मॅडमच्या केबिनमध्ये. मुलाचा चेहरा उतरलेला. ऑपरेशनची सगळी चौकशी करून आला होता.

मॅडमनी कागद पाहिला. साहेबांकडे पाहिलं. पुन्हा कागद पाहिला. "सर, ही मर्यादा काही सातबाऱ्यावरची हद्द नाही. दुसऱ्या लॅबमध्ये ती छप्पन्नही असते. एखाद्या पॉइंटचा काही अर्थ नाही. पोट थोडं कमी करा, चालत जा, काही महिन्यांनी पुन्हा तपासू."

"बट इट इज अबव्ह नॉर्मल!" साहेब म्हणाले. त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

तेव्हा साहेबांच्या पत्नी पहिल्यांदा बोलल्या. "मागच्या साली माझी गर्भपिशवी काढली. तेव्हा पोराले कळवू दिलं नाही. म्हणाले, त्याला कशाला डिस्टर्ब करायचं, रुटीन आहे."

मुलगा आईकडे पाहत राहिला. मॅडमनी विचारलं, "बाईंचं चेकअप केलं का कधी?"

साहेब खरंच चकित झाले. "तिचं? तिला काय होणार?"

*

आमच्याकडच्या आठवडी बाजारात एक वैद्यराज बसतात. म्हणजे वैद्य ते स्वतःच स्वतःला म्हणतात. समोर पुड्या, हातात माइक. "लिव्हर साफ, पोट साफ, कावीळ माफ! इंग्लिश दवा खाऊन खाऊन लिव्हर सडून गेलं का भाऊ? या!" यांच्या पुड्या खाऊन ज्यांचा एसजीपीटी चढला, असे बरेच लोक मी पाहिले आहेत. मॅडम त्यांना सगळ्यात आधी पुडी बंद करायला लावतात.

एका सकाळी एक गृहस्थ आले. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, डोळ्यांवर काळा चष्मा. नाव भलतंच सांगितलं. लिव्हरची टेस्ट म्हणाले. चष्मा काढायला लावला तर डोळे हळदीसारखे पिवळे! पण मला ओळख डोळ्यांवरून नाही, आवाजावरून पटली. तो आवाज मी दर बाजारी मेथी निवडता निवडता ऐकते.

"वैद्यराज, तुम्ही?"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "हळू बोला, ताई. कावीळ भरली. मोठ्या डॉक्टरनं टेस्ट सांगतली. चांगली इंग्लिश दवा चालू करतो म्हणे."

"मग तुमची पुडी काय झाली?"

"ताई," ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "थे विकाची आहे. खायाची नोहे."

रक्त देऊन, कापसाचा बोळा दाबून धरत ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. खिशातून कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं.

"तुमच्याकडे लिव्हरवाले लय येत असतीन. पाठवून देत जा!"

*

करडी गावचा एक मुलगा. घरची धानाची शेती, आणि पोलीस भरतीची तयारी चालू. सोयरीक जुळत आली होती. मुलीचे वडील शाळेतले गुरुजी. कडक! त्यांची अट अशी, "कुंडली मी मानत नाही. आजकालचे पोट्टे पेतात. मी लिव्हर पाहीन, मंगच पोरगी देईन."

मुलगा तयार. दोन्हीकडची मंडळी लॅबमध्ये आली, मुलगीही आली. रिपोर्ट मी मुलाच्या हातात दिला. त्यानं तसाच विश्वासानं गुरुजींच्या हातात दिला. एसजीओटी चांगलाच वाढलेला, एसजीपीटीही थोडा वर.

गुरुजींनी चष्मा सावरला. "झालं. पेते पोट्टा. सोयरीक मोडली!"

मुलाच्या बापाला काही सुधरेना. त्यानं सगळ्यांसमोर पोराच्या कानाखाली वाजवली. "सांग, कोनाच्या संगतीनं पेतं?"

"बाबा, मी सुपारी बी नाही खात ना!" एवढा मोठा भरतीचा गडी, डोळ्यांत पाणी.

गलका ऐकून मॅडम बाहेर आल्या. त्यांनी मुलाला एकच विचारलं, "कालपरवा काय काय केलं?"

"ग्राउंड केलं ना, मॅडम. पळालो, गोळा फेकला, अन् टेस्ट आहे म्हणून दंड जास्त मारले. बॉडी चांगली दिसाले पाहिजे म्हणून!"

मॅडम हसल्या. एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंमध्येही असतं, हे त्यांनी समजावलं. अंग असं पिळून काढलं तर आकडा चढणारच. "आठवडाभर काही करू नको. मग पुन्हा ये. स्नायूंचीही टेस्ट करू."

आठवड्यानंतर पुन्हा सगळे हजर. सगळं नॉर्मल! बाप पोराच्या गालाकडे बघेना. गुरुजींनी घसा खाकरला. "ठीक आहे. सायन्स मान्य आहे आपल्याले."

तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, आलोच आहो तं तुमची बी टेस्ट करून घेऊ."

गुरुजी दचकले. "माझी कायले? मले का लग्न कराचं आहे?"

"तसं नाही. त्यायच्या घरचे बी विचारतीन ना, सासरा पेते का म्हणून."

मुलाचा बाप मान खाली घालून हसायला लागला. गुरुजी उभे राहिले, पिशवी उचलली. "आज नाष्टा करून आलो. पुढच्या आठवड्यात पाहू."

लग्न झालं. थाटात झालं. गुरुजींचा पुढचा आठवडा अजून यायचा आहे.

*

आणि हा शेवटचा.

वैनगंगेच्या काठच्या गावातली एक बाई. नवरा नदीत जाळं टाकायचा, ही मासोळ्या विकायची. कौशल्याबाई. एका सकाळी टोपली बाहेर ठेवून ती काउंटरशी आली आणि माझ्या कानाशी वाकली.

"ताई, उद्या घरवाल्याले आनतो. लिव्हरची टेस्ट. लय पेते थो. रिपोर्टात जरासं वाढवून लिवजा. भेला पाहिजे!"

"बाई, असं नाही करता येत. जे येईल तेच लिहावं लागतं."

तिनं बाकावरच्या पेशंटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाव, हाव. समजलं." आणि डोळा मारून गेली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन आली. माणूस मोठा गमत्या. बाही वर करत म्हणाला, "काढा, काढा! माझ्या रक्तात मासोळी बी निंगन!" सगळी लॅब हसली.

मशीनवर आकडा आला तेव्हा मी हसले नाही. नमुना पुन्हा लावला. तोच आकडा. एसजीओटी कितीतरी पट वर, कावीळही सुरू झालेली. मॅडमनी त्याला आत बोलावलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण बाहेर आला तेव्हा त्यानं कोणाशीच गंमत केली नाही.

कौशल्याबाईनं रिपोर्ट हातात घेतला. आकडे तिला वाचता यायचे. बाहेर पडताना तिनं माझा हात दाबला. "ताई, तुमी तं लयच वाढवून लिवलं!"

"बाई, ते खरंच आहे."

"हाव, खरंच आहे!" ती नवऱ्याला ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली. "ताई का खोटं लिवन का?"

नवरा भ्याला. खरोखर भ्याला. डॉक्टरांची औषधं घेतली, दारू सोडली. सोपं नव्हतं. हात थरथरायचे, अंगाला घाम, चिडचिड. ती टोपली घरी ठेवून त्याच्याजवळ बसायची; तो मासे धरायला डोंगा घेऊन निघाला, तर हीसुद्धा डोंग्यात. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

काही महिन्यांनी दोघं पुन्हा आले. तो मला ओळखूच आला नाही. गाल भरलेले, डोळे पांढरे स्वच्छ. टेस्ट केली. नॉर्मल! त्यानं रिपोर्ट कपाळाला लावला आणि गाडी काढायला बाहेर गेला. कौशल्याबाई मागं थांबली.

"आता बरोबर खरं खरं लिवलं तुमी."

मग मात्र मी तिला हाताला धरून बसवलं. म्हटलं, बाई, नीट ऐका. पहिला रिपोर्टही खरा होता. मी एक आकडाही वाढवला नव्हता. तसाच पीत राहिला असता, तर आज तुम्ही एकट्या आल्या असत्या.

तिनं सगळं ऐकलं. चेहरा गंभीर झाला. मला वाटलं, पोचलं. मग तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"नोकरी जाईन म्हणून भेऊन राहिल्या का, ताई? मी मरेपर्यंत कोनाले नाही सांगत."

तिनं एक ओली पिशवी काउंटरवर ठेवली. आत मासोळ्या अजून तडफडत होत्या. मी नको म्हणेपर्यंत ती दाराशी पोचलीसुद्धा. तिथून तिनं बाहेर नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली,

"पुन्हा प्याले लागला, तं पुन्हा वाढवून देजा, ताई!"