मुळीचं माप

धाकट्या भावाला कावीळ झाली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मी वांद्र्याच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीसाठी ठाण्याला घरी आले होते. आईने मला मिठागराजवळच्या पाड्यावर एका म्हातारीकडे पाठवलं. काविळीची मुळी तीच द्यायची. चर्चला जाणारे असोत की देवळात, डोळे पिवळे झाले की माणसं तिच्याच दारात उभी राहत.

झाडाचं नाव ती सांगत नसे. नाव घेतलं की गुण जातो, असं सगळेच मानत. तिने पदराआडून मुळी माझ्या हातात ठेवली.

"नखाएवरी उगाल. ताकात दे. तीन सकाली."

मी मान हलवली. शाळेत आम्हाला प्रश्न विचारले जात. आपण विचारायची सवय मला राहिली नव्हती.

आई त्याला मांडीवर घेऊन बसलेली असे, म्हणून उगाळायचं काम माझं. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी मुळी झिजली की मी थांबायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओकायला लागला तो थांबेचना. मग हाक मारली तरी डोळे उघडेना.

वडील नोकरीच्या गावी, कल्याणला होते. आई आणि मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर मद्रासकडचे, मराठी जेमतेम. त्यांनी मला इंग्रजीत काही विचारलं.

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

"गावठी औषध दिलं का, म्हणतात."

"नाही म्हणून सांग. उगाच त्या बाईच्या मागे शिपाई लागतील."

मी इंग्रजीत 'हो' म्हटलं. किती, असं त्यांनी विचारलं तेव्हा अंगठा पुढे केला. ते भावाकडे बघून म्हणाले, "एवढ्याशा मुलाला?"

"तिने तेवढीच सांगितली होती," मी म्हणाले. तेव्हा ते मला खरंच वाटत होतं.

तीन दिवस आम्ही त्याला चमच्याने पाणी पाजत होतो. चौथ्या दिवशी त्याने पेज मागितली. डॉक्टरांनी वडिलांना चिठ्ठी लिहून म्हातारीच्या मुळीबद्दल कळवलं, आणि ते आठवड्याच्या आत आळीत सगळ्यांना माहीत झालं. लोकांनी पाड्याची वाट सोडली.

एका सकाळी ती स्वतःच आली. पायरीच्या खालीच थांबली. ओट्यावर भाऊ खेळत होता, त्याच्याकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"जगला ना. बरा झाला," ती म्हणाली. मग मला विचारलं, "बाय, नख कुनाचं धरलंस? पोराचं का तुजं?"

मी अंगठा मुठीत लपवला. माप रोग्याच्याच नखाचं असतं, हे त्या खाडीकाठच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. आईलाही. मलाही ठाऊक असेलच असं धरून तिने कधी सांगितलं नव्हतं.

"माजं नाव पार गेलं बघ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू आयशीला सांग येवढंच. बाकी काय नको."

आतून आईने विचारलं, "कोण आलंय गं?"

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कोणी नाही," मी म्हणाले.