कापूर, मेंढ्या आणि श्वास घेणारा चिखल

सगळ्यात आधी आली ती समोरची विमलबाई, आणि आली ती 'कुठे चाललीस' म्हणत, तोंड वाजवतच. "कथा चालनी व माय या वयात? तठे हवाबी नही भेटस!" मग तिनेच कापराची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली, धाप लागली की हुंगायची म्हणून. तिच्या मागून सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्याची अर्धी गल्ली. कुणी म्हणे केदारनाथ का? म्हटलं, नाही बाई, माझी नात हिमालयात चिखल मोजते, तो बघायला चाललेय.

नात म्हणजे तेजू. बाप डाइंग मिलमध्ये आणि ही डोंगरावर! माझी शाळा तिसरीपर्यंत, पण तिने सांगितलं ते मला कळलं. उंचावरच्या कुरणात काही जागी काळी, ओली, स्पंजासारखी जमीन असते. गवत हवेतला कार्बन ओढतं, मेल्यावर तिथेच पाण्यात दबून राहतं, नीट कुजत नाही. जमीन सुकायला लागली की तोच कार्बन परत हवेत. तर ती जागा घेते जास्त की सोडते जास्त, हे मोजायचं. बर्फ पडण्याआधीचं शेवटचं माप राहिलं होतं. ते हुकलं तर पुढच्या वर्षी ही मोजणीची जागा बंद, असं तिच्या मॅडमनी बजावलेलं.

तुम्हाला जायचं असेल तर ऐका. सुरतहून हरिद्वारच्या गाडीत खालचाच बर्थ घ्या. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्या, गाडीतलं जेवण पाणचट. पुढे जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसा. मी मागे बसले आणि प्रत्येक वळणाला खिडकीबाहेर तोंड. शेवटच्या गावात राजमा-भात झकास मिळतो. खेचराचं भाडं परतीसकट आधीच ठरवा. वर गेल्यावर खेचरवाला राजा होतो.

आणि वर पोचल्यावर, काय सांगू! पिवळं पडत चाललेलं गवत, समोर बर्फाचे डोंगर. मी तर चप्पल काढून हात जोडले. तेजू आणि तिच्यासोबत काम करणारी गावातली दीपा फळीवर बसून होत्या. जमिनीत रुतवलेल्या गोल कड्यावर पारदर्शक डबा, डब्यातून नळी, नळीला यंत्र. ऊन हवं, कारण उन्हातच गवत ओढतं. आणि खालून धुकं चढत होतं.

मला वाटलं, एवढं पोरीचं काम, देवाचं नाव घ्यावं. डब्याजवळच्या दगडावर कापूर ठेवला आणि पेटवला.

"आजी! आ शुं कर्युं?" तेजू किंचाळली. यंत्रावरचे आकडे उड्या मारत होते. जळता कापूर कार्बनच सोडतो की! माझा श्वाससुद्धा तिथे चालत नाही म्हणे. मी घाईने कापूर विझवला. तिने डबा उचलला, आत ताजी हवा भरू दिली, परत बसवला. "आता कुणी हलू नका."

तेवढ्यात घंटा वाजल्या. बर्फाच्या भीतीने खाली उतरणारा कळप, थेट आमच्याच अंगावर. मी पदर खोचून हाकलायला निघाले तर दीपाने मनगट धरलं. "अम्मा, दौड़ना मत! पाँव से ज़मीन दबेगी तो गैस निकल आएगी।"

पळायचं नाही, ओरडायचं नाही, आणि मेंढ्या तर येतायत. लांबून मेंढपाळ बाबा हातवारे करत होता, "नमक! नमक दिखाओ!" मीठ! माझ्या पिशवीत होतं की, भाकरीपुरतं. लांबच्या वाटेने हळूहळू खडकाकडे गेले आणि मीठ पसरलं. पुढची मेंढी थांबली. वास घेतला. वळली, आणि तिच्यामागे सगळ्या.

एक काळी शेळी मात्र सरळ डब्याकडे. मी उरलेलं मीठ मुठीत घेऊन तळवा पुढे केला. ती माझ्याकडे बघते, डब्याकडे बघते. धुक्याने खालची झाडं गिळली होती. ये ग बाई, ये. आली! खरखरीत जीभ तळव्यावर लागली तशी मी तिचं शिंग घट्ट धरून ठेवलं.

"झालं!" तेजू ओरडली, आणि लगेच ऊन गेलं.

बाबा येऊन म्हणाला, "अम्मा, बकरी तो छोड़ दो।" मी अजून धरूनच होते.

"काय म्हणतो तुझा चिखल?" मी विचारलं.

"घेतोय आजी. अजून घेतोय. पण थोडंच."

ते 'थोडंच' मनात राहिलंय. बाकी डोंगर, बर्फ, सगळं फोटोत आहे.

दोघी मला सोडायला सुरतेपर्यंत आल्या. दीपाने लोचो खाल्ला, मिरची लागून नाचली. इथेच मॅडमचा फोन आला, जागा चालू राहणार. म्हणजे बर्फ वितळलं की पोर पुन्हा वर. मी म्हटलं, त्याआधी आखाजी येते, आपली अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात.

"मैं भी आऊँ, अम्मा?" दीपाने विचारलं.

"मग झोका कोणासाठी बांधू?"

काल गेल्या. आखाजीला दोघी येणार आहेत.