रिकाम्या तळहातावरची चिमूट

उद्या भावाच्या जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "पेशीत गाठीला रोखणारी जनुकं असतात, राखणदारासारखी. या आजारात त्यातली काही मोडत नाहीत. त्यांच्यावर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक कण चिकटतात आणि ती गप्प होतात." तेव्हापासून तो राखणदार माझ्या डोक्यातून जात नाही. तोंड बंद झालेलं, तरी आत शाबूत उभा.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर भावाशेजारी जबड्याचं ऑपरेशन झालेले एक काका बसले होते. त्यांना बोलता येत नव्हतं. जुन्या सवयीने त्यांचा अंगठा रिकाम्या तळहातावर तंबाखू मळत होता. मळून झाल्यावर त्यांनी वर दोन थापा मारल्या आणि रीतीप्रमाणे हात आधी शेजाऱ्यापुढे धरला.

"अहो, काय देताय त्यांना?" त्यांच्या पलीकडे बसलेल्या काकू, त्यांची बायको, हळूच म्हणाल्या.

काका ओशाळले, पण हात मागे घेतला नाही. इतकं सोसूनही ही रीत त्यांच्यात जशीच्या तशी होती. मी बघतच राहिलो.

भावाने त्या हातावरून नसलेली चिमूट अलगद उचलली.

"घेतो, काका," तो म्हणाला.

सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता.