वाकळेच्या पोटातलं लुगडं

मार्गशीर्ष लागला, की सोलापूरच्या शुक्रवार पेठेत ऊन पाहुण्यासारखे येई. आधी समोरच्या पत्र्यावर टेके, मग भिंतीवरून पाऊल पाऊल उतरे, आणि आठ-साडेआठच्या सुमारास गोजरबाईंच्या सारवलेल्या अंगणात येऊन बसे. ते बसले, की गोजरबाई बसत. पाय लांब करून, मांडीवर वाकळेचा काठ घेऊन, ओठांत सिद्धरामाचे नाव घेऊन. सुई खाली जाई तेव्हा 'सिद्ध', वर येई तेव्हा 'राम'. एका टाक्याला एक नाव. अशी किती नावे एका वाकळेत मावत, ते मोजणाऱ्यालाच ठाऊक.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. दुष्काळ सरून दुसरा हिवाळा आला होता. खडी फोडून फोडून राठ झालेल्या हातांना पुन्हा घर आठवू लागले होते, आणि घर आठवले की घरातली जुनी गाठोडी आठवतात. पहाटेचा गारठा जरा बोचला, की पेठेतल्या बायका गाठोडी काखोटीला मारून गोजरबाईंच्या दारात उभ्या.

"आली बघ, तहान लागल्यावर आड खणणारी मंडळी," पारूबाई म्हणत. पारूबाई म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजारीण. दोघी साठीच्या, दोघी विधवा, दोघी एकाच वाकळेच्या दोन कडांना समोरासमोर बसणाऱ्या. सुईत दोरा ओवायचे काम पारूबाईंचे. गेली दोन वर्षे गोजरबाईंना सुईचे नाक दिसत नव्हते. पण ही गोष्ट त्या दोघींच्या अंगणाबाहेर गेली नव्हती.

वाकळ कशाची होते? कापडाची होते, हे तर बाजारातला वाणीही सांगेल. पण बारकाईने पाहावे. जे अंगावरून उतरले आणि मनातून उतरले नाही, त्याची वाकळ होते. नवे कापड कुणी वाकळेला देत नाही. ज्याने घाम पाहिला, हळद पाहिली, तान्ह्याचे दूध आणि म्हाताऱ्याचे अश्रू पाहिले, तेच कापड गोजरबाईंच्या हाती येई. आणि त्या हातांखाली ते पुन्हा बोलू लागे. निळ्या तुकड्यावर सुई आली, की गोजरबाईंना एखादी न पाहिलेली नवरी नहाणीच्या दारात केस झटकताना दिसे. चौकडीच्या सदऱ्यातून गिरणीच्या तेलाचा वास येई, आणि त्या वासाच्या मागोमाग साच्यांची धडधड. टाके चालत राहत, आणि गोजरबाई मात्र कापडाच्या गल्ल्यांतून दूरदूर चालत जात.

"गेलीस का गं?" पारूबाई विचारत.

"कुटं?"

"ते मला काय ठावं? डोळं उघडं, हात चालू, आन् बाई परगावी!"

चंपाषष्ठीच्या दिवशी नागम्मा आली. नागम्माचे माहेर अक्कलकोटच्या पलीकडले. मराठी बोलली तरी बोलण्याला कानडीचा हेलकावा. तिची लेक महादेवी पहिल्या बाळंतपणाला येणार होती. नागम्माने गाठोडे सोडले. आठ लुगडी. त्यांतले एक तिने दोन्ही हातांवर घेतले, जसे कुणी निजलेले मूल घ्यावे.

"मावशी, हे आमच्या अव्वाचं, माज्या आईचं. औंदा श्रावणात गेली. महादेवीला तिनंच वाढवली की. नातीच्या बाळंतपणाला मीच येणार म्हणायची, आन् यायचीच राहिली." नागम्माने लुगडे गोजरबाईंपुढे धरले. "एवढं एकच सांगते. हे लुगडं वर घ्या. पोरीच्या गालाला लागलं पाहिजे, बाळाच्या अंगाला लागलं पाहिजे. बाकीची सात कशी बी घाला. ओळखू यावं म्हणून काठाला पांढरा दोरा घातलाय."

"वरच घेते पोरी," गोजरबाईंनी शब्द दिला.

लुगडी रिठ्यात धुतली गेली, वाळली. काठ जाड असतो, सुईला आडवा येतो, म्हणून गोजरबाईंनी नेहमीप्रमाणे सगळ्या लुगड्यांचे काठ फाडून बाजूला ठेवले. मग अंगणात एकावर एक घड्या पसरल्या, ओल्या तळव्याने सुरकुत्या निपटल्या, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. दोन लुगडी इरकली होती, दोन्ही हिरवी. सकाळचे ऊन कोवळे होते, ओठांत नाव होते, मन कुठल्यातरी गल्लीत होते. आणि हातांनी, चाळीस वर्षांच्या सवयीच्या त्या शहाण्या हातांनी, आपल्या मनाने काम केले. विरलेले कापड पोटात जाते, घट्ट कापड वर येते, हा वाकळेचा नेम. हातांना जे मऊ लागले, विरलेले लागले, ते त्यांनी दुहेरी करून सगळेच्या सगळे आत घातले. जे दणकट लागले ते वर पसरले. भोवतीने कड दुमडली, आणि पहिला टाका पडला.

दिवस गेले. वाकळ कडेने सुरू होते आणि फेऱ्या घेत घेत आत येते, जसा प्रदक्षिणा घालणारा हळूहळू गाभाऱ्याशी यावा. पौष उजाडला. सिद्धरामेश्वराच्या यात्रेसाठी नंदीध्वज पेलण्याचा सराव पेठापेठांतून सुरू झाला. दुपारी हलग्यांचा आवाज आला, की दोघींच्या सुया आपोआप त्या तालावर पडत. टाके बाजरीच्या दाण्यासारखे बारीक, ओळी नांगरटीसारख्या सरळ. मध्ये आता हातभर जागा उरली होती.

त्या मधल्या जागेला एक चौकोनी तुकडा लावतात. त्याला म्हणतात भाकरी. गोजरबाईंच्या सासूबाईंनी शिकवले होते, की वाकळेला भाकरी दिल्याशिवाय शेवटचा टाका घालू नये; उपाशी वाकळ ऊब देत नाही. गोजरबाईंनी वरच्या लुगड्याचा उरलेला तुकडा भाकरीसाठी हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि त्यांची बोटे थबकली. तुकड्यावर तपकिरी डाग होते. त्यांनी तो नाकाशी नेला.

मिसरी!

मिसरी लावणारी होती ती नागम्माची सासू. दहा वर्षे पायरीवर बसून, दात घाशीत, सुनेला टोमणे मारताना तिला उभ्या पेठेने पाहिले होते. गोजरबाईंनी घाईघाईने फाडलेल्या काठांचा ढीग उपसला. एक काठ हाताला सायीसारखा लागला.

"पारू, ह्याला पांढरा दोरा हाय का गं?"

"हाय की. का?"

गोजरबाईंनी सांगितले. पारूबाईंनी तोंडावर हात ठेवला. पण हसू बोटांतून सांडलेच.

"अगं बया! जित्तेपणी नागम्माच्या उरावर बसली ती बसली, आन् मेल्यावर बी सासू वरच? आई बिचारी खालीच!"

गोजरबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पाहून पारूबाई जवळ सरकल्या. "उसवायची म्हणतीस? पोटुशीची वाकळ उसवत न्हाईत. आन् ते जुनेर टाक्याटाक्याला फाटंल, हाती सूत बी यायचं न्हाय."

"ठावं हाय."

"मग ऐक. हा पांढऱ्या दोऱ्याचा काठ भाकरीच्या कडंनं लाव, आन् सांग, वर हाय ते तुझ्या आईचंच. हिरवं ते हिरवं. कुणाला कळतंय?"

"त्या पोरीच्या गालाला कळंल," गोजरबाई म्हणाल्या.

जेवणे झाली. पारूबाई घरी गेल्या. दुपारचे ऊन मधासारखे घट्ट झाले होते. गोजरबाई वाकळेवर हात फिरवता फिरवता आडव्या झाल्या, आणि गाल टेकताच त्यांचा डोळा लागला. झोपेत त्या टाक्यांच्या ओळींतून चालत होत्या. ओळी कसल्या, त्या तर हिरव्या पिकातल्या वाटा. खालून कुणाचीतरी चाहूल येत होती. जमिनीखालून कुणी बाई हलक्या पावलाने त्यांच्या बरोबरीने चालत होती, आणि मायेने काही पुटपुटत होती. शब्द कानडी, गोजरबाईंना एकही उमजेना, पण सूर उमजत होता. तो तान्ह्याला थोपटणाऱ्या बाईचा सूर होता. गोजरबाईंनी खाली बसून जमिनीवर तळवा ठेवला. आणि पलीकडून, अगदी त्याच जागी, दुसरा तळवा येऊन टेकला. मध्ये फक्त एक कापड होते.

त्या जाग्या झाल्या तेव्हा तळहात खरोखरच वाकळेच्या मधोमध होता. त्यांनी चिमटीत वरचे कापड धरून पाहिले. खरेच की. सासूच्या लुगड्याखाली लगोलग तेच मऊ लुगडे होते. एकाच थराचे अंतर!

पण कात्री लावणे त्यांच्या एकटीच्या अधिकारातले नव्हते. ज्या लेकीच्या नावाने वाकळ शिवायची, तिच्या आईच्या संमतीवाचून वाकळेच्या पोटाला कात्री कशी लावावी? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नागम्माला बोलावून घेतले. महादेवी आदल्या संध्याकाळीच आली होती. भरल्या दिवसांची, एक हात कमरेवर टेकून तीही आईमागोमाग आली.

गोजरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. मिसरीचा तुकडा, पांढऱ्या दोऱ्याचा काठ, दोन्ही पुढे ठेवले. नागम्माने काठ उचलून आपला पांढरा दोरा बोटाने चाचपला.

"मावशी," ती म्हणाली, "एकच सांगितलं होतं."

"व्हय. एकच सांगितलं होतंस, आन् तेच चुकलं. माझं डोळं गेल्यात, नागम्मा. सुई बी पारू ओवती. हे तुला गाठोडं घेतानाच सांगाया पायजे व्हतं." त्यांनी वाकळेच्या मध्यावर बोट ठेवले. "मधली एवढी जागा अजून मोकळी हाय. तितं वरचं कापड कापते, कड आत दुमडून शिवते. भाकरीएवढी जागा उघडी होईल, आन् तितं तुझी आई वर येईल. सगळी न्हाय. भाकरीएवढी."

"आन् भाकरी?" पारूबाईंना राहवले नाही. "भाकरी लावायची ती जागाच कापलीस, तर वाकळ उपाशी ऱ्हाईल. त्यात पोटुशीच्या वाकळंच्या पोटाला कात्री!"

नागम्माने चमकून लेकीकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत भय होते. आईचे लुगडे एकीकडे, लेकीचा जीव दुसरीकडे. कोणत्या आईने काय निवडावे?

महादेवी मात्र वाकळेशेजारी हळूच टेकली. "अव्वा, आज्जी उन्हाळ्यात तर सोडच, थंडीत बी दार लावून निजली न्हाय कधी. हितं आठ थरांत कोंडून ठेवतीस व्हय तिला?" मग पारूबाईंकडे वळून हसली. "आन् उपाशी कशी म्हणता, मावशी? मला पहिला घास तिनंच भरवलाय. कापा तुमी."

नागम्माने डोळे पुसले आणि होकाराची मान हलवली.

गोजरबाईंनी हात जोडले. मग वाकल्या. डोळ्यांचा तिथे उपयोग नव्हता. दोन थरांतला भेद डोळ्यांना कधीच दिसला नसता. बोटांनी त्यांनी वरचे राठ कापड टिपले, खालच्या मऊ कापडापासून केसभर वर उचलले आणि धरून ठेवले. ज्या बोटांनी चूक केली, त्याच बोटांवर आता सगळा भार. कात्रीचे टोक अर्धा दाणा खाली गेले असते, तर ते विरलेले लुगडे कायमचे चिरले असते.

"हितं काप, पारू. एवढंच."

"खालच्याला कात्री लागली तर गं?"

"न्हाय लागायची. मी धरलंय."

कच्. पुन्हा कच्. चार कोपऱ्यांकडे चार चिरा गेल्या. ओठांत नाव अखंड चालले होते. गोजरबाईंनी चारही पाकळ्या एकेक करून आत दुमडल्या, आणि खालचे लुगडे वर आले. धुऊन धुऊन त्याचा हिरवा रंग फिका पडला होता, दवातल्या हरभऱ्यासारखा. कुठे एक ओरखडा नाही, कुठे एक सूत तुटलेले नाही. नागम्माने तिथे दोन बोटे टेकवली. "अव्वा," एवढेच म्हणाली.

गोजरबाईंनी कड शिवायला घेतली. दोरा पारूबाईंनी ओवला, शेवटच्या बाजूचे टाके नागम्माने घातले. वाकडे पडले, पण कुणी उसवले नाहीत. गाठ मारून होते न होते, तोच महादेवी कुणाला न विचारता वाकळेवर कुशीवर कलंडली. भाकरीएवढ्या त्या जागेवर तिने गाल ठेवला. "आज्जीचंच हाय," ती पुटपुटली, आणि बघता बघता तिचा श्वास संथ झाला.

तिघी तिच्याभोवती बसून राहिल्या. पारूबाईंची जीभही दमाने चालू लागली. गोजरबाई कधी पोरीकडे, कधी त्या फिक्या हिरव्या चौकोनाकडे पाहत होत्या. दिसत होते ते धुक्यातल्यासारखे, पण पुरेसे दिसत होते.

अकराच्या पुढे ऊन सरकले. भिंतीची सावली महादेवीच्या पायांवर आली, तशी तिने झोपेतच पाय जवळ घेतले.

"उठवू का?" नागम्माने खुणेने विचारले.

गोजरबाईंनी नकाराची मान हलवली, आणि वाकळेचा एक कोपरा मुठीत धरला. दुसरा नागम्माने धरला. पारूबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, मधली कड धरली आणि कुजबुजल्या, "हळू गं बायांनो. दोघांचं वजन हाय."

तिघींनी श्वास धरला, आणि वाकळ वीतभर उन्हात ओढली.