दिसेनाशा झालेल्या ताऱ्याची बातमी

आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पश्चिमेला शेपटीचा तारा दिसू लागला. मी परभणीत एका दैनिकाचा वार्ताहर होतो. दैनिक अजून हैदराबादहूनच निघत होते. संपादकांनी कळवले, रोज पाहून लिहा. त्यामुळे दिवसभर कोर्ट-कचेरीच्या बातम्या गोळा केल्यावर दिवेलागणीला गच्चीवर जायचे, हात लांब करून तारा क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते पाहायचे, शेपूट कालच्यापेक्षा आखूड की लांब ते ठरवायचे आणि मजकूर टपालगाडीत टाकायचा. सुरुवातीला उत्साह होता. पुढे मान दुखू लागली.

बातमी छापून आमच्याकडे परत यायला तीन-चार दिवस जात. जागा नसली तर मजकूर आणखी पडून राही आणि मग ‘परभणी, काल’ असे वर घालून तोच छापला जाई. शहरातल्या वाचकाला त्याने काही फरक पडत नसे.

पेडगावच्या एका मेंढपाळाला मात्र फरक पडला. त्याच्या मुलीचे लग्न पूर्णेला ठरले होते. मुलाचा बाप रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. शेपटीचा तारा आभाळात असेपर्यंत अक्षता टाकायच्या नाहीत, असे सांगून त्याने लग्न पुढे ढकलले. पाऊस लागला की लग्ने थेट तुळशीच्या लग्नानंतर. तोवर मुलाला दुसरी मुलगी सांगून येणार, हे मेंढपाळ ओळखून होता.

तारा फिका होत गेला आणि एका संध्याकाळी दिसलाच नाही. नंतरही नाही. मी तसे लिहून पाठवले. छापून आले नाही. एखादी गोष्ट दिसत नाही, ही बातमी होत नसते. त्याऐवजी पडून राहिलेला आधीचा मजकूर आला: तारा अद्याप स्पष्ट दिसतो.

तो अंक पूर्णेला पोचला आणि पाठोपाठ मेंढपाळ माझ्या दारात.

“साहेब, पूर्णेचे इवाई म्हणायलेत, अखबारात अजून हाय. आमाला तर रानात कुटं दिसंना. तुमाला दिसायलाय का?”

“मलाही दिसत नाही.”

“मग चला. तुमीच सांगा त्यायला.”

मला जायचे नव्हते. झोप अपुरी होती आणि गाडीला गर्दी असणार होती. तरी गेलो.

संध्याकाळी सांधेवाला ड्यूटीवरून आला होता. त्याने बाज टाकली, पाणी दिले. मी सांगितले की छापलेली बातमी जुनी आहे, तारा गेला.

“मग तसं छापून आणा.”

“ते छापत नाहीत.”

“का?”

मी उठलो आणि त्याला बाहेर चला म्हणालो. आम्ही तिघे क्वार्टरच्या मागे जाऊन अंधार पडेपर्यंत पश्चिमेकडे पाहत उभे राहिलो. आभाळ धुळकट होते, तरी तारे निघाले. शेपटीचा त्यांत नव्हता.

“न्हाई दिसत,” सांधेवाला म्हणाला. “पण अखबारवाल्याकडं दुर्बीण असती. त्यायला दिसत असंल.”

“अखबारवाला ह्यो समोर उभा हाय की!” मेंढपाळ म्हणाला. “इवाई, तुमी सिग्नल डोळ्यानं बघता का अखबारात वाचून?”

आतून बायकांचे हसणे ऐकू आले. सांधेवाला हसला नाही. त्याने तळहातावर तंबाखू मळून तोंडात टाकली.

“धरा तारीख,” तो म्हणाला. “पण गोरज मुहूर्त न्हाई. भर दुपारचा धरा. मांडवात कुणी वर बघाय नको.”

वैशाख सरता सरता, टळटळीत उन्हात अक्षता पडल्या. मेंढपाळाने मला मुद्दाम बोलावले होते. मांडवाखालीही डोळे उघडवत नव्हते. मंगलाष्टके चालू असतानाच मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा वऱ्हाड जेवायला बसले होते आणि सांधेवाला मला पानावर बसायला सांगत होता.